खालचे दोन हुक

इरम्माला माती दिली त्या संध्याकाळी माझी थोरली बहीण मल्लाक्का ओट्यावर बसून सगळ्यांदेखत म्हणाली, "त्या वजनाच्या इंजेक्शनानं खाल्लं माझ्या भावजयीला. चांगली धडधाकट बाई होती."

माझी मुलगी शिवरंजनी आत चहा गाळत होती. ते इंजेक्शन तिच्याच सांगण्यावरून सुरू झालं होतं. तिचा हात गाळणीवर थांबलेला मला दारातून दिसला. मल्लाक्का म्हणाली ते खरं नव्हतं. खरं काय ते त्या ओट्यावर फक्त मला ठाऊक होतं. मी मान खाली घालून बसलो आणि काही बोललो नाही.

याला चार महिने झाले. त्या दिवशी बोलायला हवं होतं ते आता लिहितो.

माझं नाव सिद्धाराम. नळदुर्गात एसटी स्टँडाच्या मागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. चौतीस वर्षं मी बायकांचे ब्लाउज शिवतो. इरम्मा माझी बायको. ती अक्कलकोटकडची, घरात माझ्याशी मराठी बोलायची आणि रागावली की कानडी.

तिचं वजन ब्याण्णव किलो होतं. वजनापेक्षा गुडघ्यांचा त्रास जास्त. आमच्यात इष्टलिंगाची पूजा रोज करायची असते. मांडी घालून बसायचं, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं. सहा वर्षं तिला खाली बसता येत नव्हतं. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पूजा करायची आणि दर दोन दिवसांनी म्हणायची, "खुर्चीवर बसून देव हातात घ्यायचा म्हंजे बँकेत नंबर लावून बसल्यागत वाटतंय."

रंजी, म्हणजे शिवरंजनी, लग्न होऊन धाराशिवला राहते. एका खाजगी शाळेत कार्यालयाचं काम बघते. तिनं कुठंतरी ऐकलं की आठवड्याला एक इंजेक्शन घेतलं की भूक कमी होते आणि वजन उतरतं. ती आईला सोलापूरला डॉक्टरकडं घेऊन गेली. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी लिहून दिलं. बजावून सांगितलं की हे लांब चालणारं औषध आहे, मला विचारल्याशिवाय बंद करू नका, बंद केलं की भूक परत येते आणि वजनही परत येतं. मी शेजारीच बसलो होतो.

इंजेक्शन पेनासारखं होतं. पोटावर टोचायचं. रंजीनं मला शिकवलं. पहिल्या सोमवारी मी पेन दोनदा पुढं नेलं आणि मागं घेतलं. इरम्मा पोटावरचा पदर बाजूला करून म्हणाली, "ब्लाउजागत दुहेरी टीप मारू नका म्हंजे झालं."

पाडव्याला सुरू केलं. पहिले दोन महिने तिला मळमळायचं, मग ते थांबलं. वजन उतरायला लागलं. मी तिचे ब्लाउज आत घ्यायला लागलो. मापाची वही मी प्रत्येक गिऱ्हाइकाची ठेवतो, तिचं पान सगळ्यात जुनं. दंड पंधरा इंच होता, तो चौदा झाला, मग तेरा, मग साडेबारा. छाती, पाठ, कंबर, सगळं त्याच बेतानं उतरलं. गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, "टेलर, इरम्मावैनीला आत किती घेतलं?" मला अभिमान वाटायचा, जसं काही ते मीच कात्रीनं कापून काढलं होतं.

श्रावणातल्या एका सोमवारी मी बाहेरून पाण्याची घागर घेऊन आत आलो आणि बघतो तर खुर्ची भिंतीला लावलेली. इरम्मा जमिनीवर मांडी घालून बसली होती. डोळे मिटलेले, तळहात समोर धरलेला. मी घागर खाली ठेवली नाही, आवाज होईल म्हणून. पूजा झाल्यावर ती भिंतीला हात लावून स्वतःच उठली. मला म्हणाली, "काय बघता? बाई बघितली न्हाय का कधी?"

पण तिला जेवणात काही राम राहिला नव्हता. स्वयंपाक ती करायची, मला वाढायची आणि स्वतः अर्धी भाकरी घेऊन उठायची. म्हणायची, "शेंगाच्या चटणीला वासच न्हाय." बसवजयंतीला हुग्गी केली होती. आमच्यात सणाला गव्हाची खीर असते ती. तिला ती जिवापाड आवडायची. दोन चमचे खाऊन तिनं वाटी माझ्याकडं सरकवली. म्हणाली, "नको वाटायलंय. खायचंय, पण नको वाटायलंय."

दिवाळीच्या आधी पेन संपलं तेव्हा वजन त्र्याहत्तर होतं. ती म्हणाली, आता बास. मी म्हणालो, बरोबर आहे, ताप उतरला की गोळी बंद करतात. आम्हा दोघांनाही ते सरळ वाटलं. डॉक्टरांना विचारलं नाही. रंजी फोनवर चिडली.

"अव्वा, डॉक्टरनी काय सांगितलंय? असं मनानं बंद करत न्हाईत."

"तुझ्या डॉक्टरला म्हणावं, माझी हुग्गी खाऊन दाखव," इरम्मा म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी ती तव्यावरची भाकरी हातात घेऊन दुकानात आली. मी मशीनवर होतो. भाकरी तिनं माझ्या नाकासमोर धरली. "वास येतोय," ती म्हणाली. "अहो, भाकरीचा वास येतोय मला." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती भाकरी तिनं तिथंच उभं राहून कोरडी खाल्ली. तिला असं खाताना बघून मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो, कारण नंतर मीच तिच्या खाण्यावर बोललो.

वजन परत आलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच आलं. संक्रांतीला सत्याहत्तर, होळीला एक्क्याऐंशी. ती काट्यावर चढायची आणि उतरून काट्याला शिव्या द्यायची. गल्लीतल्या बायका तोंडावर बोलायच्या नाहीत, पण पाणी भरताना तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "इंजेक्शन संपलं जणू," असं म्हणायच्या. ती घरात येऊन हंडा आदळायची.

तिला वाईट वाटू नये म्हणून मी एक गोष्ट करायला लागलो. ब्लाउज शिवताना आत दोन्ही बाजूंना दोन बोटं जादा कापड दुमडून ठेवलेलं असतं, त्याला आम्ही माया म्हणतो. ती वाळत घातलेले ब्लाउज आत आणण्याआधी मी ते दुकानात घ्यायचो, बाजूची शिवण उसवायचो आणि दोराभर बाहेर नवी टीप मारायचो. परत दोरीवर नेऊन टाकायचो. ब्लाउज अंगाला बसतोय म्हटल्यावर तिला वजनाचं तेवढं जाणवणार नाही, असं मला वाटत होतं. दीड-दोन महिने मी हे केलं. एक दिवस जेवायला वाढताना ती म्हणाली, "तुमची टीप मला वळखू येत न्हाय व्हय? तीस वर्षं अंगावर घालायले."

मी ओशाळलो.

"करा करा," ती म्हणाली. "लई गोड वाटतंय. लग्नात एवढी माया केली न्हाय."

अशी आमची सवय झाली. अंगात फरक पडला की मी कपड्यात फरक करायचो. ती काही बोलायची नाही, मी काही विचारायचो नाही. माझं काम कपडा अंगाला बसवायचं. चौतीस वर्षं मी तेच केलंय.

वैशाखात ती ब्लाउज घालून दुकानात आली, पदर बाजूला केला आणि म्हणाली, "खालचे दोन हुक लागंनात."

मी बघितलं. वरचे चार हुक नीट लागत होते, उलट थोडे सैल होते. खालचे दोन लागत नव्हते. बाहीसुद्धा सैल. मी टेप घेतला. होळीपर्यंत दंड परत साडेतेरावर आला होता, तो आता साडेबारा निघाला. छाती अर्ध्या इंचानं कमी. खालची पट्टी मात्र अडीच इंचानं वाढलेली. परकराची नाडीही ती बेंबीच्या खाली बांधत होती.

हे माप मला नवीन नव्हतं. पोटुशी बाई सहाव्या-सातव्या महिन्यात ब्लाउज घेऊन येते तेव्हा असंच माप निघतं. खाली सोडायचं, वर तसंच ठेवायचं. मी इरम्माला म्हणालो, "या वयात काय बातमी देतीस काय ग?"

ती एवढी हसली की तिला धाप लागली. "गप बसा. रंजीला कळलं तर जावयासमोर तोंड दाखवायला जागा राहायची न्हाय."

मी पण हसलो. मग खालची पट्टी काढून मोठी लावली, बाही आत घेतली, वहीत नवं माप लिहिलं. ब्लाउज छान बसला. गिऱ्हाईक असती तर मी विचारलं असतं, बाई, दवाखान्यात दाखवलं का? बायकोला विचारलं नाही. वजन परत यायलंय, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. दुसरं काही असेल असं मनातच आलं नाही.

ज्येष्ठात जैनबबी साडी फॉल लावायला घेऊन आली. गल्लीच्या तोंडाशी तिचं घर. इरम्माचं आणि तिचं वीस वर्षांचं जाणं-येणं. साडी ठेवून ती दारातच घुटमळली.

"टेलरसाब, भाभीचे हात बघितले का तुम्ही? काडी झालेत. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायलेत. और पेट देखो तो..."

"इंजेक्शन बंद केलंय ना. वजन परत आलंय."

"वजन फक्त पोटालाच येतंय का हो?"

"पोटालाच येतं बायकांचं," मी म्हणालो. मला राग आला होता. माझ्या धंद्यातलं मला कुणी शिकवतंय असं वाटलं. "फॉल परवा घेऊन जा."

गावातल्या डॉक्टरांकडं एकदा गेलो होतो, पोट गच्च वाटतंय म्हणून. त्यांनी विचारलं, काय त्रास? मीच सांगितलं की वजनाचं इंजेक्शन बंद केलंय आणि वजन परत आलंय, गॅस होतोय. त्यांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. दंड बारीक झालेत हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायचं असतं हे सुचलं नाही.

आषाढात तिचं खाणं परत कमी झालं. दोन घास खाल्ले की म्हणायची, पोट भरलं. आणि पोट तर वाढतच होतं. माझ्या डोक्यात एक किडा शिरला. समोर खात नाही आणि पोट वाढतंय, म्हणजे मागं खात असणार. दुपारी मी दुकानात असतो, ती आत एकटी. एकदा मला शेंगदाण्याचा डबा उघडा दिसला. मी तेवढ्यावरून ठरवून टाकलं.

एका रविवारी दुपारी तिनं ताटात पाव भाकरी घेतली. मी म्हणालो, "माझ्या मागं खायलीस काय तू?"

तिनं हातातला घास परत ताटात ठेवला.

"न्हाय, खायलीस तर खा. पण समोर खा. रंजीनं एवढं केलं तुझ्यासाठी आणि तू चोरून खाऊन सगळं मातीत घातलंस."

तिनं ताट खाली ठेवलं. भिंतीला हात लावून उठली. मग मांडणीवरचा पहिला डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यासमोर ठेवला. दुसरा काढला, उघडला, ठेवला. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, पोहे, साखर. एकेक डबा. ती कानडीत काही म्हणाली नाही, मराठीत काही म्हणाली नाही. सोळा डबे माझ्याभोवती उघडे ठेवले. मधेच तिला दम लागला तेव्हा ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि परत सुरू झाली. शेवटी लोणच्याची बरणी होती. तीही उघडली.

मग आत जाऊन झोपली. मी एकेक झाकण लावलं. सगळे डबे काठोकाठ होते. गूळ तर पंधरा दिवसांपूर्वी मी आणलेला, तसाच होता. शेंगदाण्याचा डबा का उघडा होता ते मला आजपर्यंत कळलं नाही. मीच उघडा ठेवला असेल.

ते कळूनही मी तिला काही म्हणालो नाही. संध्याकाळी चहा करून दिला, एवढंच.

श्रावण लागला तेव्हा रंजी माहेरी आली. आई झोपलीय म्हणून उठवायला गेली, आणि आतून तिची हाक आली. "अप्पा!" मी पळत गेलो. रंजीनं आईच्या पोटावर हात ठेवला होता. "अप्पा, हे पोट असं का लागतंय? नगाऱ्यागत लागतंय." इरम्मा उशा लावून बसून झोपत होती, आडवं झालं की श्वास लागायचा. मला ते आठ दिवसांपासून ठाऊक होतं. मी तिला जादा उशी शिवून दिली होती.

दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. पोटातून सहा लिटर पाणी काढलं. पाणी काढल्यावर ती एवढीशी दिसायला लागली की मला धक्का बसला. अंगावर काही नव्हतंच. आठवड्यानं तपासणीचा कागद आला. अंडाशयाचा कॅन्सर, पोटभर पसरलेला.

रंजी औषधं आणायला खाली गेली होती तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "पोट कधीपासून वाढतंय?"

वैशाखापासून, हे माझ्या वहीत तारखेसह लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "दिवाळीपासून. इंजेक्शन बंद केल्यापासून वजन वाढतच होतं."

"आम्हाला वाटलं वजनच आहे," मी परत म्हणालो.

ते म्हणाले, "बऱ्याचदा तसं वाटतं. इंजेक्शनाचा याच्याशी संबंध दिसत नाही. हा आजार असाच लपून येतो."

"आधी आणलं असतं तर?"

त्यांनी चष्मा काढला. "नक्की सांगता येत नाही. पण दोन-तीन महिने आधी आला असता तर आमच्या हातात थोडं जास्त राहिलं असतं."

मी हे रंजीला सांगितलं नाही. संबंध नाही एवढं तिला डॉक्टरांनीच नंतर सांगितलं. दोन-तीन महिन्यांचं मी माझ्याजवळ ठेवलं.

तिला सलाइनमधून औषधं दिली. तीन वेळा दिली, चौथ्यांदा डॉक्टरांनीच नको म्हटलं. दिवाळीच्या आधी घरी आणलं. ती आता काडी झाली होती. तिचे ब्लाउज मी आत घेतले नाहीत, तिला माझेच जुने शर्ट घालायला दिले, पुढून बटणं असतात म्हणून. मला तिची माफी मागायची होती. रोज ठरवायचो. एके दिवशी जैनबबी तिचे पाय चोळून गेली आणि ती जरा शांत होती. मी जवळ बसलो.

"इरम्मा, त्या दिवशी मी बोललो तुला. डबे काढलेस ते."

"कुठले डबे?" ती म्हणाली.

"तू सगळे डबे उघडून ठेवलेले. मी चोरून खातीस म्हणालो म्हणून."

तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "मला न्हाय आठवत," ती म्हणाली. "पाणी द्या."

ती खरंच विसरली होती की मला सोडवत होती, हे मला कळलं नाही. तिच्या डोळ्यांवरून मला कधीच काही कळायचं नाही. मी चमच्यानं पाणी दिलं. परत तो विषय काढला नाही. त्यानंतर नवव्या दिवशी पहाटे ती गेली.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. खड्ड्यात उतरवायला सहाजण पुढं आले होते, ती जड असेल असं समजून. दोघांनीच उतरवली.

आणि मग संध्याकाळी मल्लाक्का ओट्यावर ते बोलली.

त्यानंतर रंजी नळदुर्गला आली नाही. फोन करायची, तब्येत विचारायची, ठेवून द्यायची. गेल्या आठवड्यात जावयाचा, शिवानंदरावांचा फोन आला. ते हळू आवाजात बोलत होते.

"मामा, ही जेवंना झालीय. सकाळी चहा, रात्री अर्धी पोळी. शाळेत दोनदा चक्कर आली. विचारलं की म्हणते, अव्वाला मी मारलं. मी तिला म्हटलं, डॉक्टरनी सांगितलंय संबंध न्हाय. तर म्हणते, इंजेक्शन झालंच नसतं तर पोट वाढल्यावर पहिल्याच महिन्यात दवाखान्यात नेलं असतं. माझ्यामुळं सगळे वजन वजन करत बसले. मामा, तुम्ही जरा येऊन बोलता का?"

मी सकाळच्या गाडीनं गेलो. तुळजापुरात गाडी बदलावी लागली. स्टँडवर उभा असताना वाटलं, परत फिरावं. रंजीला म्हणावं, झालं ते झालं, तुझी चूक नाही बाळ, आणि डोक्यावरून हात फिरवून परत यावं. तेवढ्यानं भागलं असतं तर मी तेवढंच केलं असतं.

ती दारात आली तेव्हा तिचा पंजाबी ड्रेस तिच्या अंगावर लोंबत होता. मला नजरेनंच कळलं, दंडाला दोन इंच सैल. तो ड्रेस मीच शिवला होता.

शिवानंदराव घरातच होते. मला पाणी देऊन ते आतल्या खोलीत गेले. रंजी समोर खुर्चीत बसली.

"अप्पा, त्यांनी बोलवलं ना तुम्हाला?"

"व्हय. पण मला तुला एक सांगायचंय. मधे बोलू नको, न्हायतर माझ्यानं व्हायचं न्हाय."

मी सगळं सांगितलं. वहीतली मापं सांगितली. "होळीपर्यंत आलं ते वजन होतं, रंजी. ते सगळीकडं आलं, दंडाला, छातीला, पाठीला. वैशाखानंतरचं तसं नव्हतं. पोट वाढत होतं आणि दंड उतरत होता. टेप माझ्या हातात होता. असं माप म्या जन्मभर पोटुशा बायकांचं घेतलंय. जैनबबीनं येऊन सांगितलं, मी तिला हाकलली. सगळे वजन वजन करत बसले ते तुझ्या इंजेक्शनामुळं न्हाय. मला वेगळं दिसत होतं आणि मी सगळ्यांना वजनच सांगत होतो. डॉक्टरलासुद्धा."

डब्यांचं सांगितलं. दोन-तीन महिन्यांचंही सांगितलं.

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "तुम्हाला दिसलं आणि तुम्ही काय केलं?"

"खालची पट्टी मोठी लावली. बाही आत घेतली."

"अव्वा रडली का? डबे काढताना?"

"न्हाय."

ती उठून खिडकीकडं गेली. पाठमोरी उभी राहून म्हणाली, "मल्लाआत्या ओट्यावर बोलली तेव्हा हे ठाऊक होतं तुम्हाला."

"होतं."

"मी आत होते. तुम्ही बघितलं मला."

"बघितलं."

"मग का बोलला न्हाय, अप्पा?"

याचं उत्तर मी तुळजापूरच्या स्टँडवरच स्वतःला दिलं होतं. ते तिला सांगायचं नाही असंही तिथंच ठरवलं होतं. पण ती वळून माझ्याकडं बघत होती, आणि मला खोटं सुचलं नाही.

"तुझ्यावर गेलं तर माझ्याकडं कुणी बघणार न्हाय, असं वाटलं," मी म्हणालो.

तिचा चेहरा मी लहानपणापासून बघितलाय, पण असा कधी बघितला नव्हता.

"चार महिने," ती म्हणाली. "चार महिने मी..." तिनं ओढणी झटकली. मग आवाज चढवून म्हणाली, "तुम्ही जा अप्पा. आत्ता जा. मला तुमच्याशी बोलायचंय, पण आज न्हाय."

मी पिशवी उचलली. दारात मला राहवलं नाही. "जेवून घे ग."

"माझ्या जेवणाचं तुम्ही बघू नका!" ती ओरडली. आतून शिवानंदराव बाहेर आले.

त्यांनी मला मोटरसायकलवर स्टँडवर सोडलं. उतरल्यावर ते पाया पडायला वाकले, मी त्यांना थांबवलं.

गाडी तुळजापूर सोडून नळदुर्गच्या रस्त्याला लागली तेव्हा त्यांचा फोन आला. गाडीत आवाज फार होता, मी एका कानावर हात ठेवला.

"मामा, जेवली ती. आत्ता. रडत रडत जेवली. तुम्हाला लई बोलायलीय. काय काय बोलायलीय, मला तर..."

"बोलू द्या," मी म्हणालो. "थांबवू नका तिला."

"बरं."

किती जेवली, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. फोन खिशात ठेवला. शेजारची बाई मला म्हणाली, "काका, खिडकी लावा की, धूळ यायलीय." मी खिडकी लावली.